बांधाचा झाला वांघ

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाची स्मरणिका निघाली. मंडळाचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. सांगून फरक पडणार नाही, कारण गोव्यात अशी मंडळे तालुक्यागणिक आहेत आणि त्यांच्या स्मरणिका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. सुरुवातीची आठ-दहा पाने शुभेच्छांची. मंत्री, आमदार, सरपंच, सगळे हसतमुख. मग पतसंस्था, हार्डवेअर, बार अँड रेस्टॉरंट यांच्या जाहिराती. आणि या सगळ्यांच्या मध्ये, बसमध्ये तिसऱ्या सीटवर अंग चोरून बसलेल्या माणसासारखे, साहित्य.

मी संपादक समितीवर होतो. तेव्हा पुढे जे काही बोलणार आहे त्यात माझ्या वाट्याचे पाप आहे, हे आधीच कबूल करून ठेवतो.

यंदा अंकात एक लेख खरोखर चांगला होता. आमच्या गावच्या निवृत्त मास्तरांचा. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. विषय खाजन शेती. खाऱ्या पाण्याला थोपवणारा बांध कसा घालत, चिखलात काय काय मिसळत, मानशीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप कसे मिटते आणि ओहोटीला कसे उघडते, बांध फुटला की रात्री-अपरात्री सगळा गाव कुदळी घेऊन कसा धावे... वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेली चौदा पाने. यातले निम्मे शब्द पुढच्या पिढीला कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत, म्हणून मी स्वतः बसून ती टाईप केली. प्रुफे दोनदा तपासली. एकही चूक नव्हती, हे छातीठोकपणे सांगतो.

अंक छापून आल्यावर मी तो द्यायला त्यांच्या घरी गेलो. मास्तरांनी चष्मा लावला, अंक डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. मग म्हणाले, "कितें बरयलां तें वाचूंक मेळना रे." आणि नातीला हाक मारली. नात सातवीत, इंग्रजी माध्यमात. मराठी घरात शिकलेली, अडखळत पण मनापासून वाचते. तिने आजोबांचा लेख मोठ्याने वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीत वाचले, "वांघ फुटला की सगळा गाव..."

मास्तर म्हणाले, "वांघ?"

ती म्हणाली, "तसेच लिहिले आहे आजोबा."

मी अंक हातात घेऊन पाहिला. तिचे चुकले नव्हते. तिथे खरोखरच 'वांघ' दिसत होते.

झाले होते असे. मुखपृष्ठासाठी आमच्या डीटीपीवाल्या मुलाने एक टाईप आणला होता. एकदम जाड आणि एकदम बारीक, दोन्ही एकाच अक्षरात. उभ्या रेघा खांबासारख्या आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा केसासारख्या. मुखपृष्ठावर मंडळाचे नाव त्या टाईपात असे काही देखणे उठले की सगळ्यात आधी 'वा!' मीच म्हणालो. हे माझे पाप. मग अध्यक्ष म्हणाले, इतका भारदस्त टाईप आहे तर आत पण तोच घ्या ना, पोटातला मजकूर कसा मेल्यासारखा दिसतो. मी विरोध केला. पण 'वा!' आधी म्हणून बसलो होतो, त्यामुळे विरोधाला वजन राहिले नाही. ठराव झाला, 'अंकाला एकसारखेपणा यावा म्हणून'. (ठराव शब्द वाचला की माझ्या पोटात गोळा येतो, नोकरीच तशी आहे.) आणि माझी बिनचूक प्रुफे त्या टाईपात ओतून, अकरा पॉइंटात, दोन कॉलमांत, छापून काढली.

आता टाईपाविषयी. त्याला शिव्या देण्यासाठी हे लिहायला बसलेलो नाही, उलट त्याची बाजू घ्यायची आहे. गुन्हेगार तो नाही, आपण आहोत.

हे जाड-बारीक वळण मूळचे युरोपातले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने नितळ कागद आणि काळीभोर शाई यांच्यावर मेहनत घेतली. कागद नितळ नसेल तर केसासारखी रेघ छापून उठतच नाही. त्याची पुस्तके पाहून पुढे पॅरिसमध्ये दिदो घराण्याने आणि इटलीत पार्मा शहरात जांबात्तिस्ता बोदोनीने हे वळण टोकाला नेले. बोदोनी १७६८ पासून पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख होता. जन्म १७४०चा, मृत्यू १८१३चा. त्याच्या टाईपांचा मोठा नमुनाग्रंथ त्याच्या पश्चात १८१८ साली त्याच्या बायकोने पुरा करून काढला. त्याच्या रोमन अक्षरात उभी रेघ जाड, आडवी रेघ अगदी पातळ, आणि अक्षराच्या टोकाला जी छोटी पावले असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, तीही सरळ पातळ पट्टीसारखी. जाडीतून बारकाव्यात जाताना उतार असा जवळजवळ नाहीच. खांब संपला की लगेच तार.

पण बोदोनी ते छापत कसा होता? मोठ्या आकाराची पुस्तके, ऐसपैस समास, ओळींमध्ये भरपूर हवा, उंची कागद. ड्यूकचा पैसा. स्मरणिकेला हार्डवेअरवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात असते, ड्यूक नसतो.

या वळणाची दुसरी पायरी लंडनची. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिथल्या टाईप ओतणाऱ्यांनी याच अक्षराच्या जाड रेघा फुगवून फुगवून पार लठ्ठ केल्या. नावच पडले 'फॅट फेस'. रॉबर्ट थॉर्नचे नाव या संदर्भात घेतात. हे अक्षर पुस्तकासाठी नव्हतेच. ते होते भिंतीवर चिकटवायच्या जाहिरातींसाठी, आणि त्यांत मोठा वाटा लॉटरीच्या जाहिरातींचा. इंग्लंडातली ती सरकारी लॉटरी १८२६ साली बंद झाली, अक्षर मात्र राहिले. (लॉटरीचे स्टॉल पाहिलेल्या गोवेकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. लॉटरीच्या तिकिटावर बारीक आवाजात कोण बोलतो?) रस्त्यातून जाणाऱ्या माणसाने मान वळवावी, एवढेच त्याचे काम. ते काम त्याच्यासारखे दुसरे कुठलेही अक्षर करत नाही.

तेव्हापासून आजपर्यंत त्याने आपली जागा सोडलेली नाही. फॅशनच्या 'व्होग' मासिकाचे नाव डोळ्यांसमोर आणा, तेच घराणे. मोठे, थोडे, एकटे असले की हे अक्षर राजासारखे दिसते. गर्दीत उभे केले की राजा कुठला आणि पट्टेवाला कुठला, कळत नाही. विल्यम मॉरिसला तर हे वळण डोळ्यांसमोर नको असे. १८९१ साली त्याने स्वतःचा छापखाना काढला तो जुन्या, एकसारख्या जाडीच्या, वाचायला सोप्या अक्षरांकडे परत जाण्यासाठी. मी मॉरिसइतका कडवा नाही. मुखपृष्ठावर मला ते आजही आवडते.

आपल्याकडे देवनागरीतही आता हे वळण आले आहे. इंडियन टाईप फाउंड्रीने २०१४ साली काढलेला 'रोझा वन' हा त्यातला ठळक नमुना, फुकट मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही. आणि तो काढणाऱ्यांनी तो मोठ्या मथळ्यांसाठी, पोस्टरसाठी काढला आहे. म्हणजे कारागिराने हत्याराचे काम सांगून ठेवले आहे. कोयत्याने दाढी करायला गेलो तर कोयता बनवणाऱ्या लोहाराची तक्रार करून काय उपयोग? (आमच्या स्मरणिकेत कोणता टाईप होता ते सांगत नाही. बदनामी त्याची नको.)

आता मूळ प्रश्न. 'बांध'चे 'वांघ' झाले कसे? हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण 'छपाई खराब होती' असे म्हणून अध्यक्षांनी हात झटकले. छपाई खराब नव्हती.

'ब' आणि 'व' यांत फरक किती? पोटातली एक तिरकी रेघ. 'ष' आणि 'प' यांत? तीच एक रेघ. आता ज्या टाईपात आतल्या रेघा केसासारख्या काढायच्या असा नियमच आहे, तिथे या तिरक्या रेघेच्या वाट्याला काय येणार? साठ पॉइंटात ती नाजूक, सुंदर दिसते. अकरा पॉइंटात ती कागदावर उमटते न उमटते. म्हणजे 'ब'चा 'व' झाला. दुसरीकडे 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक डोक्यावरच्या एका फटीचा आणि गाठीचा. 'ध'च्या डाव्या बाजूला शिरोरेघ तुटलेली असते, तिथे हवा असते. जाड रेघा फुगल्या की ती हवा कोंडली जाते, फट बुजते. 'ध'चा 'घ' झाला. एकाच टाईपाचे दोन गुण, बारीक फार बारीक आणि जाड फार जाड. एका गुणाने रेघ पुसली, दुसऱ्याने फट बुजवली. दोघांनी मिळून मास्तरांचा बांध फोडला. 'भाट'चे 'माट' झाले होते, 'शेष'चे 'शेप'. आणि एके ठिकाणी 'मातीचे भरण घातले' याच्याऐवजी मातीचे जे काही घातले ते इथे लिहीत नाही. तुम्ही 'भ'चा 'म' करून बघा.

रोमन लिपीत हे एवढे होत नाही. तिथे अक्षरे सुटी उभी असतात, वर-खाली फारसे काही नसते. आपल्याकडे एका अक्षराच्या डोक्यावर मात्रा, मात्रेशेजारी अनुस्वार, वर रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर. 'राष्ट्र' लिहायचे तर एका मजल्यावर तीन बिऱ्हाडे. एवढ्या दाटीत खांब जाड केले तर राहणाऱ्यांनी जायचे कुठे?

यावर एक हुशार आक्षेप येतो आणि तो मला समितीतच ऐकावा लागला. "पण जुने निर्णयसागरचे टाईप जाड-बारीकच होते की!" होते. बिनशर्त मान्य. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाईपाचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना, आणि राणोजी रावजी आरू यांनी कापलेल्या ठशांवरून जे टाईप ओतले गेले त्यांनी कित्येक पिढ्यांना वाचायला शिकवले. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत निर्णयसागरची एक पोथी होती. पाने पिवळी पडून कडा झडल्या, पण दिव्याच्या उजेडात ती आजही वाचता येते. त्या अक्षरात जाडी आणि बारकावा दोन्ही आहेत. मग फरक काय?

फरक बोरूचा. बोरूचे टोक तिरके कापतात. त्यामुळे हात जसा वळेल तशी रेघ आपोआप जाड होते, आपोआप बारीक होते, आणि हा बदल हळूहळू होतो, उताराने होतो. उभा काना आणि आडवी शिरोरेघ यांच्या जाडीत फार अंतर पडत नाही. जाडी येते ती तिरप्या वळणांत. म्हणजे देवनागरीचे जाड-बारीक तिचे स्वतःचे आहे, हाताच्या वळणातून आलेले आहे. आणि सगळ्यांत बारीक रेघेलाही थोडे अंग असते. बोदोनीच्या वळणात उभे ते जाड आणि आडवे ते बारीक, फूटपट्टीने ठरवल्यासारखे. ही विभागणी रोमन अक्षराच्या चणीतून आली. ती चांगली नाही असे म्हणत नाही. पण ती आपल्या अक्षरावर बेताबेताने, चार शब्दांपुरती चढवायची गोष्ट आहे. निर्णयसागरचे नाव घेऊन तिचे समर्थन करणे म्हणजे आजीने नथ घातली होती म्हणून नातीने नांगराचा फाळ घालावा असे झाले.

ज्यांना यात अधिक खोल जायचे असेल त्यांनी बापूराव नाईकांचा देवनागरी टाईपांवरचा १९७१ सालचा इंग्रजी ग्रंथ पाहावा. नाईक शासकीय मुद्रणाच्या खात्यातले माणूस. सरकारी खात्यात बसून माणूस एवढे मोठे काम करून जातो, हे वाचून माझ्यासारख्या कारकुनाला उगीचच अभिमान वाटतो. असो.

मग हे जाड-बारीक अक्षर वापरायचे कुठे? नाटकाच्या जाहिरातीत! आपल्या गोव्यात याहून मोठे उत्तर कशाला हवे? जत्रेतल्या नाटकाचा फलक लहानपणी आम्ही देवळाच्या पायरीवर बसून वाचायचो. पेंटर चपट्या ब्रशने नाटकाचे नाव एवढे जाड लिहायचा की पलीकडच्या वाड्यावरून दिसावे. खाली कलाकारांची नावे मात्र साध्या, सुट्या अक्षरात, कारण प्रत्येकाची आई ती जवळ येऊन वाचणार असे. त्या पेंटरला कुणी टाईपोग्राफी शिकवली नव्हती. नाव लांबून वाचायचे, यादी जवळून वाचायची, एवढे त्याला माहीत होते आणि तेवढे पुरेसे होते. वर्तमानपत्रांतल्या मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी (ते २०२० साली गेले) नाटकांच्या नावांची जी अक्षरे काढली त्यांत जाड, बारीक, तुटके, वाकडे, सगळे होते. ज्या नाटकाचा जसा जीव तसे अक्षर. पण नाव म्हणजे दोन-तीन शब्द. त्यांनी प्रयोगाची वेळ आणि नाट्यगृहाचा पत्ता त्याच अक्षरात घातला असता तर प्रेक्षक चुकीच्या थिएटरात जाऊन बसले असते.

लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावे, दुकानाची पाटी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, दैनिकाचे नाव, संमेलनाच्या मांडवातला पडदा. इथे हवे तेवढे जाड करा. मी टाळ्या वाजवीन.

दुसरा आक्षेप, तरुणांना असलेच आवडते. मी त्या डीटीपीवाल्या मुलाला विचारले. वय चोवीस. तो म्हणाला, "सर, मी सांगितले होते आत नको म्हणून. पण अध्यक्ष बोलले." म्हणजे तरुण शहाणा निघाला. साठीच्या पुढच्या सात माणसांनी बसून तरुणांची आवड ठरवली होती. ठराव क्रमांक चार.

तिसरा आक्षेप मला जास्त लागला, कारण तो खरा आहे. "वाचतो कोण?" अध्यक्ष हे अगदी सहज बोलले. "अंक दिसला चांगला पाहिजे. लोक चाळतात, फोटो बघतात, ठेवून देतात."

माझे भांडण इथे आहे, टाईप हे निमित्त. गेल्या काही वर्षांत गोव्यातली मराठी दिसते खूप. फलकांवर, बॅनरवर, मांडवाच्या कमानीवर, सत्काराच्या मानपत्रावर, व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या शुभेच्छांवर, सगळीकडे जाड आणि मोठी. आपण घोषणा करायला शिकलो आहोत. १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीचे स्थान काय, यावर आपण तावातावाने भाषणे करतो, आणि त्या भाषणाचा छापील मजकूर अशा टाईपात काढतो की भाषण करणाऱ्यालाच तो चष्म्याशिवाय आणि चष्म्यासकट वाचता येत नाही. मथळ्याचे अक्षर पोटात घालणे ही सौंदर्याची चूक नाही. पोटातले कुणी वाचणार नाही हे आपण आधीच मान्य केले, त्याची ती पावती आहे. वाचणारे आहेत असे ज्याला वाटते तो माणूस 'ब'च्या पोटातली रेघ सांभाळतो.

आणि वाचणारे आहेत हो! मास्तरांची नात आहे. मुरलेल्या वाचकाला खराब टाईप फारसा नडत नाही. मी 'वांघ फुटला' वाचले असते तरी मनात 'बांध'च वाचला असता, कारण बांध माझ्या ओळखीचा आहे. डोळा अर्धे बघतो, अर्धे आठवणीतून भरून काढतो. प्रूफ वाचणाऱ्याला हे दुखणे चांगले माहीत असते. पण त्या मुलीकडे आठवण नाही. तिच्याकडे कागदावर जे आहे तेवढेच आहे. तिने खाजन पाहिले ते पुलावरून गाडीतून जाताना. तिला तो शब्द देण्याची एकच वाट होती, आणि ती वाट म्हणजे आजोबांचा तो लेख. तिथे आपण तिला 'वांघ' दिला. ती तो वहीत लिहून ठेवायलाही तयार होती.

गोव्यात तर हे व्हायला नको होते. छपाई आपल्याकडे १५५६ साली आली, भारतात पहिल्यांदा. आणि फादर थॉमस स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. स्टीफन्सला इथल्या लिपीत छापायचे नव्हते असे नाही. १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही इच्छा बोलून दाखवली आहे, आणि अडचणही सांगितली आहे. युरोपात दोन डझन अक्षरांवर काम भागते, इथे सुमारे सहाशे साचे करावे लागतील, ते व्हायचे कसे? म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंड सोडून आलेला एक पाद्री आपल्या काना-मात्रा-जोडाक्षरांसाठी झुरत होता, आणि ती अक्षरे ओतता आली नाहीत म्हणून आपली ओवी परक्या लिपीत छापली गेली. आज ती सहाशेच्या सहाशे खिशातल्या फोनमध्ये फुकट आहेत. आणि त्यांतून आपण नेमके काना-मात्रा खाणारे वळण निवडतो.

कचेरीतला अनुभवही सांगतो, कारण हे फक्त साहित्याचे दुखणे नाही. एकदा कुठूनतरी एक परिपत्रक आले. कुणा हौशी माणसाने ते असल्याच ठसठशीत टाईपात काढले होते, अर्जदारांनी जोडायच्या कागदपत्रांच्या यादीसह. मूळ प्रत सुबक होती. पण परिपत्रक मूळ प्रतीत कोण वाचतो? त्याची झेरॉक्स निघते, झेरॉक्सची झेरॉक्स निघते, तिचा फोटो काढून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकतो. प्रत्येक पिढीला बारीक रेघ झिजते आणि जाड रेघ सुजते. चौथ्या प्रतीपर्यंत त्या यादीत नुसते उभे खांब उरले होते, मोडक्या देवळासारखे. काउंटरवर आलेली एक बाई तो कागद माझ्यासमोर धरून विचारत होती, यात कुठला दाखला लिहिला आहे? मला सांगता आले नाही. मी फाईलमधली मूळ प्रत शोधून आणली, तोपर्यंत तिची बस गेली.

ऑफिसात 'मंगल' टाईपाला सगळे नावे ठेवतात. रूप नाही, ठसका नाही, सरकारी दिसतो. मीही ठेवत होतो. तो र. कृ. जोशींनी काढला, आपल्या अक्षरासाठी आयुष्य घातलेला माणूस, २००८ साली गेले. संगणकाच्या त्या काळच्या ओबडधोबड पडद्यावर देवनागरी वाचता यावी हे त्याचे काम होते आणि ते त्याने इमानाने केले. 'मंगल'मध्ये 'ब'चा 'व' होत नाही. चौथ्या झेरॉक्सलाही होत नाही. आता मी नावे ठेवत नाही.

स्मरणिकेचे पुढे काय? पाचशे प्रती छापून वाटून झाल्या. मी शुद्धिपत्र काढा म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, चूकच नाही तर शुद्धिपत्र कसले? आणि गंमत म्हणजे तांत्रिकदृष्ट्या त्यांचे खरे होते. फाईल उघडून बघा, तिथे 'बांध'च टाईप केलेला आहे. चूक फक्त कागदावर आहे.

शेवटी मी मास्तरांचा लेख साध्या टाईपात, चौदा पॉइंटात, एका कॉलमात, ओळींमध्ये हवा सोडून पुन्हा काढला. सोळा पाने झाली. वीस प्रती काढल्या, स्टेपल मारले, मुखपृष्ठावर तोच जाड-बारीक टाईप, 'खाजन' एवढा एकच शब्द, पानभर. फार देखणे दिसले. रविवारी नेऊन दिले. नातीने वाचले. 'मानस' शब्दापाशी थांबली आणि म्हणाली, मानस म्हणजे मन ना? मन पाण्यात कसे? मास्तर खुर्चीतून उठले आणि तिला हाताने दार उघडून-मिटून दाखवू लागले, भरती अशी, ओहोटी अशी.

निघताना त्यांनी एक प्रत माझ्या हातात ठेवली. नवव्या पानावर तांबड्या पेनाने गोल केला होता. 'मूळ' शब्द मी ऱ्हस्व लिहिला होता. दोनदा तपासलेल्या प्रुफांत. पुढची समितीची बैठक येत्या रविवारी आहे, विषयपत्रिकेत मी 'आतील मजकुराचा टाईप' असा विषय घालायला दिला आहे. सचिव म्हणतात, ऐनवेळच्या विषयांत घेऊ.